बाराखडी पाठ होईपर्यंत मुलाने शब्द वाचायचाच नाही का?

पहिलीची शिक्षिका, जुन्नर
काल इथे एका पालकांनी लिहिलं: "आधी अ ते ज्ञ, मग बाराखडी, मग शब्द. बाकी सगळी फोनिक्सवाल्यांची (अक्षरांचे ध्वनी जोडून वाचायला शिकवणाऱ्यांची) थेरं." वाचून राहवलं नाही. बाराखडी घडाघडा म्हणणारी मुलं दरवर्षी माझ्या वर्गात येतात. नुसत्या 'कु'वर बोट ठेवलं की क, का, कि, की करत तिथवर पोचतात. चाल पाठ असते, अक्षराची ओळख नसते. तक्त्याचंही तेच. 'बस' लिहून दिलं तर एका मुलीने वाचलं, "बदक, ससा."

मी ग, म, न, र, व एवढं झालं की लगेच शब्द देते. वर, मन, गरम, मगर, नगर. काना आला की गाव, नाव, राग, वारा, मामा. आधी पाटी न घेता, तोंडी. मी "गाऽऽव" ओढून म्हणते, मुलं झटकन जोडून सांगतात. मग अक्षरांखालून बोट सरकवायचं, मध्ये थांबायचं नाही. थांबलं की शेवटच्या 'र'मधला अ मोकळा ऐकू येतो, 'नगर'चं 'नगरऽ' होतं आणि असा शब्द मुलाने घरात कधी ऐकलेलाच नसतो.

निवृत्त मुख्याध्यापक, कोल्हापूर
बाई, तुमची तळमळ कळते, पण वर्णमालेला तुम्ही अडगळ ठरवू नका. क-वर्ग कंठातला, प-वर्ग ओठांवरचा. इतकी शिस्तीची मांडणी इंग्रजीच्या एबीसीडीत कुठे आहे? आणि तुमचे शब्द सोपे आहेत म्हणून जमतात. 'किरण'मध्ये वेलांटी आधी दिसते, उच्चार नंतर. 'सूर्य'चा रफार य-वर बसतो, ऐकू येतो य-च्या आधी. हे घोकल्याशिवाय येत नाही. आमच्या पिढ्या बाराखडीवरच वाचायला शिकल्या.

दोन मुलांची आई, ठाणे
सर, इंग्रजीतसुद्धा एबीसीडीच्या क्रमाने वाचन शिकवत नाहीत आता. जॉली फोनिक्स या इंग्रजी वाचन शिकवायच्या पद्धतीची सुरुवात एस, ए, टी, आय, पी, एन अशी होते, म्हणजे सहा ध्वनींत लगेच शब्द बनतात. राग मला वेगळ्याचा आहे. या फोनिक्सच्या क्लासवाल्यांना भरमसाट फी मोजली आणि माझा मुलगा 'कमळ' वाचताना प्रत्येक अक्षर इंग्रजीसारखं तोडतो: क्, अ, म्, अ. मराठीत क-मध्ये अ आहेच, मग तोडायचं कशाला? 2020च्या कायद्याने मराठी सगळ्या शाळांत सक्तीची झाली, पण ती वाचायला कशी शिकवायची हे आमच्या शाळेत कुणी विचारलेलंसुद्धा नाही.

जळगावकर
शब्द कुणाचे निवडता, ते आधी बोला. ऐरणीचा ऐ, यज्ञाचा य. कुठल्या पोराने पाहिलीय ऐरण? आमच्याकडे डोळ्याला डोया म्हणतात, केळीला केयी. पोरगं 'केळी' बरोबर जोडतं, बोलताना मात्र केयी म्हणतं आणि बाई म्हणतात, चूक. माझ्या भाच्याने वर्षभर वर्गात तोंड उघडलं नाही, ते याच पायी.

निवृत्त मुख्याध्यापक, कोल्हापूर
म्हणजे उद्या परीक्षेत 'पानी' लिहिलं तरी मार्क द्यायचे? शुद्धलेखन नावाची गोष्ट उरली आहे की नाही?

जळगावकर
लिहिण्याबद्दल मी बोललोच नाही! वाचताना त्याने अक्षर ओळखलं, शब्द जोडला, अर्थ कळला. अजून काय पाहिजे? पुण्या-कोल्हापूरकडच्या कानांनी आमच्या पोरांचं वाचन तपासू नका.

निवृत्त मुख्याध्यापक, कोल्हापूर
प्रदेशावर जाऊ नका. मी चाळीसगावातही नोकरी केली आहे. तिथली मुलं ळ म्हणायला शिकली, आनंदाने शिकली.

अंगणवाडी सेविका, पालघर
भांडा, पण मूळ प्रश्न सोडू नका. 'चाक'मधला च आणि 'चिमणी'मधला च वेगळा. 'जाळ' आणि 'जीभ'चंही तसंच. अक्षर एकच आहे. मूल बोलताना हे दोन्ही नीट म्हणतं, म्हणून ओळखीचा शब्द दिला की वाचताना उच्चार आपोआप जुळतो. सुटं 'च' घोकून ते कळणार नाही. आमच्या पाड्यावरच्या मुलांची घरची भाषा वारली, त्यांना तर आधी शब्द ऐकवावाच लागतो. बाई, एक मात्र तुमच्याविरुद्ध: ग आणि म एकाच गटात का? दिसायला जवळची आहेत, आणि पुढे भ आला की म-भ-चा घोळ होतोच. गमभन हात वळायला बरं, वाचायला नाही.

पहिलीची शिक्षिका, जुन्नर
घोळ होतो, खरं आहे. भ मी म्हणूनच बऱ्याच उशिरा घेते. ग आणि म सोडवत नाहीत, त्यांचे शब्द फार बनतात. सर, बाराखडी मीही घेते, पण उभी: गा, मा, ना, रा, वा एकदम, मग गी, मी, नी, री, वी. मूल खूण ओळखतं, चाल नाही.

निवृत्त मुख्याध्यापक, कोल्हापूर
उभी चालेल. ती बाराखडीच आहे, एवढं तुम्ही मान्य केलंत हे पुरे. रफाराचं उत्तर आलेलं नाही.

पहिलीची शिक्षिका, जुन्नर
'सूर्' आणि 'य' असे दोन तुकडे आधी तोंडी, टाळ्या वाजवून. कानाला पक्कं झालं की मगच फळ्यावर. जोडाक्षरं पहिलीच्या सुरुवातीला मी आणतच नाही.

जळगावकर
आणि केयीचं काय? त्यावर एकही शिक्षक बोललेला नाही.