मुलाने इस्रायलच्या सैन्यात सेवा केलीय, ओसीआय मिळेल का? पुण्यात नोकरी मिळतेय

रेवदंड्याची_लेक
शालोम, नमस्कार मंडळी. मी अश्दोदला असते, घराणं मूळचं रेवदंड्याचं, आम्ही बेने इस्रायली म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, मी ठाण्यात वाढले आणि 1994 ला अलिया करून, म्हणजे ज्यू म्हणून इस्रायलला कायमची राहायला, इकडे आले. मुलगा इथेच जन्मला, आता 23 चा आहे. सक्तीची सेवा पूर्ण केली आणि वर आठ महिने केवा, म्हणजे पगारी करारावर तिथेच राहिला. आता पुण्यातली एक कंपनी घ्यायला तयार आहे पण पगार 11 लाख, एम्प्लॉयमेंट व्हिसाला तेवढा पुरत नाही म्हणे. ओसीआय, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड, काढावं तर परदेशी सैन्यातल्यांना मिळत नाही असं वाचलं. एजंट म्हणतो सैन्याचं लिहूच नका, आणि तोवर टुरिस्ट व्हिसावर जाऊन कामाला लागू दे. मला हे पटत नाहीये, पण पोराची नोकरी जाईल ही पण भीती आहे. कोणी केलंय का हे?

दिमोनाचे_काका
ताई, आधी त्या एजंटाचा नाद सोडा. टुरिस्ट व्हिसावर काम करताना सापडला तर परत पाठवतात आणि मग पुढचा प्रत्येक अर्ज अडतो, आणि तिथे गेल्यावर टुरिस्टचा एम्प्लॉयमेंट करून घेऊ हे पण डोक्यातून काढा.
नियम तुम्ही वाचला तो खरा आहे, परदेशी सैन्यात असलेल्याला किंवा निवृत्ताला ओसीआय नाही. पण इथे अठरा झाले की पोरापोरींना बोलावणं येतंच, त्यात त्यांची मर्जी कुठे असते? म्हणून आपले लोक कित्येक वर्षं मागणी करत होते, आणि 2017 च्या जुलैत पंतप्रधान मोदी तेल अवीवला आले तेव्हा सभेत जाहीर केलं की सक्तीची सेवा केलेल्यांनाही ओसीआय मिळेल. मी त्या हॉलमध्ये होतो, शेजारी बसलेली माझी थोरली बहीण रडायला लागली, तिच्या तिन्ही मुलांचं अडकलेलं होतं.
तुमची खरी अडचण ते आठ महिने आहेत. सवलत सक्तीच्या सेवेची आहे, केवा स्वतः सही करून घेतलेला. तेउदात शिहरूरवर, म्हणजे सैन्यातून सुटल्याच्या दाखल्यावर, तारखा असतातच, त्यामुळे लपवायला जाऊ नका. अर्ज भरायच्या आधी दूतावासाला सगळं स्पष्ट लिहून विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

पनवेल_ते_लोद
काकांशी सहमत. ओसीआय मिळालं तर वर्क परमिट लागत नाही, पगाराची अट नाही, एफआरआरओत म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयात नोंदणी नाही. मतदान नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही, पण राहा आणि खासगी नोकरी करा. पण याला दुहेरी नागरिकत्व समजू नका, पासपोर्ट इस्रायलचाच राहणार, भारत दोन नागरिकत्वं मानत नाही.
आता कागदांचं सांगतो कारण माझं तिथेच घोडं पेंड खात होतं. हिब्रूत स्वर लिहीत नाहीत, त्यामुळे आमचं पेणकर इकडच्या कागदांवर पिनकर झालं आणि वडिलांच्या जुन्या भारतीय पासपोर्टवर पेणकरच. दोन्ही माणसं एकच हे सिद्ध करायला नोटरीकडून भाषांतर, त्यावर अपोस्तील म्हणजे परदेशात चालणारा सरकारी प्रमाणन शिक्का, आणि शेवटी उपयोगी पडला तो वडिलांचा माझगावच्या सर एली कदूरी शाळेचा दाखला, कडा वाळवीने खाल्लेल्या पण नाव आणि जन्मतारीख शाबूत. ताई तुमचा रद्द केलेला भारतीय पासपोर्ट जपून ठेवलाय ना? आईचा पुरावा मुलाला चालतो. आणि तुमचा मुलगा मिलुइमच्या, म्हणजे राखीव सैनिकांच्या, यादीत असणार, राहायला जाताना युनिटला कळवून जाऊ दे.

कराचीवाली
एक अजून तपासा. माझे आजोबा आपलेच, घरात मराठीच बोलायचे, पण फाळणीनंतर कराचीत राहिले आणि पाकिस्तानचे नागरिक झाले. त्या एका कारणाने मला ओसीआय मिळत नाही, आजी अलिबागची असूनही. आई-वडील, आजी-आजोबा, पणजोबा कोणीही तिकडचा नागरिक असेल तर दार बंद. माझा जीव तुटतो अजून, आपले पूर्वज जिथे उतरले म्हणतात त्या नवगावला जायचं तरी व्हिसा काढूनच जावं लागतं.

रेवदंड्याची_लेक
सगळ्यांचे मनापासून आभार. कराचीचं आमच्याकडे कोणी नाही, पण तुमचं वाचून फार वाईट वाटलं ताई. पासपोर्ट सापडला, कोपरा कापलेला, आईच्या ट्रंकेत रेशमी ओढणीत गुंडाळून ठेवला होता. एजंटाला नकार कळवला. केवाच्या तारखांसकट दूतावासाला मेल मुलानेच लिहिला, मी फक्त वाचून पाठव म्हटलं. कंपनीला पण खरं काय ते सांगितलंय, ते दोन महिने थांबतो म्हणालेत. उत्तर आलं की इथेच लिहीन.