उत्तर: प्लॅन नाही, भिंत बघा

घरच्याच हार्डडिस्कवरचा 4के सिनेमा वायफायवर अडकतो, म्हणून नेटचा प्लॅन वाढवू का, असं वर विचारलंय. कृपया वाढवू नका. फाइल घरातल्या घरातच फिरते, बाहेरच्या नेटचा तिथे काही संबंध नाही.

आमचं घर इंदुरात रामबागेत, जुनं, दीड हात जाडीच्या भिंतींचं. राउटर ओसरीवर, टीव्ही माजघरात. 5 गिगाहर्ट्‌झ हा वायफायचा वेगवान पट्टा भिंतीपलीकडे जेमतेम पोचायचा, आणि 2.4 च्या पट्ट्यावर शेजारच्या सगळ्या राउटरांची गर्दी. साध्या ब्लू-रेचं (उच्च दर्जाच्या सिनेमाची डिस्क) चित्र सेकंदाला 40 मेगाबिटपर्यंत जातं, 4के डिस्क तर 128 पर्यंत. सरासरी कमी असली तरी पावसाच्या किंवा गर्दीच्या दृश्यात आकडा एकदम चढतो आणि नेमकं तिथेच पडद्यावर लोडिंगचं चक्र फिरायला लागतं. टीव्हीला जोडलेल्या प्लेयरकडे बघून आई म्हणायची, "पाऊस आला की तुझा डबा बसतो!"

शेवटी दाराच्या चौकटीच्या कडेने राउटरपासून प्लेयरपर्यंत कॅट-6 ही नेटवर्कची वायर ओढली, तेव्हापासून एकदाही अडकलं नाही. फक्त प्लेयरचं लॅन पोर्ट (ही वायर जोडायची जागा) गिगाबिट, म्हणजे 1000 मेगाबिटचं आहे ना, ते आधी पाहा. बऱ्याच छोट्या डब्यांना 100 मेगाबिटचंच असतं, मग मोठ्या फाइलला वायरही अपुरी पडते. वायर शक्यच नसेल तर राउटर टीव्हीच्या खोलीत आणा.