ओसाका-क्योटो: मारिओ आणि पोकेमॉनभोवती कौटुंबिक सहल (६ जण, नोव्हेंबर), सल्ला हवा

चिंचवडची_शिदोरी
नमस्कार मंडळी. भाऊबीज झाली की जपानला जायचं घाटतंय. आम्ही दोघं, मुलगा ११ वर्षांचा, मुलगी ५ वर्षांची (आज उंची १०४ सेंमी), आणि सासू-सासरे, दोघंही सत्तरीच्या आसपास. सासूबाईंना जास्त उभं राहवत नाही. सगळे शाकाहारी, अंडं फक्त मुलं खातात. ओसाकाच्या युनिव्हर्सल स्टुडिओज पार्कातलं सुपर निन्टेन्डो वर्ल्ड (मारिओचा विभाग), क्योटोजवळच्या उजीचं निन्टेन्डो संग्रहालय आणि थोडं पोकेमॉन एवढं नक्की बघायचंय. हातात आठ दिवस आहेत. विमानाची तिकिटं आत्ताच काढून टाकू का? आणि उजीचं तिकीट एवढं अवघड असतं का?

निशिकासाईकर
विमान थांबवा. या सहलीत तारीख ठरवणारी गोष्ट एकच आहे, उजीचं संग्रहालय. बाकी सगळं पैसे मोजून किंवा पहाटे उठून जमतं, ते जमत नाही. तिथे दारावर तिकीट नाही, आधी सोडत असते, म्हाडाच्या घरांसारखी. ज्या महिन्यात जायचं त्याच्या तीन महिने आधीच्या महिन्यात अर्ज भरायचा. म्हणजे नोव्हेंबरसाठी ऑगस्टमध्ये अर्ज, १ सप्टेंबरला निकाल. निन्टेन्डोचं खातं लागतं, ते फुकट उघडता येतं. सहाही जणांना एकाच अर्जात घ्या, नाहीतर निम्म्यांचा नंबर लागतो आणि निम्म्यांचा राहतो. मंगळवारी संग्रहालय बंद असतं. शनिवार-रविवार मागितलात तर शक्यता बरीच कमी होते, तेव्हा बुधवार-गुरुवारच्या वेळा टाका.

नंबर लागला की ठरलेल्या मुदतीत कार्डाने पैसे भरावे लागतात. मुदत चुकली की तिकीट गेलं. आंतरराष्ट्रीय व्यवहार आणि ओटीपी दोन्ही चालू असलेलं कार्ड आधीच तयार ठेवा. नंबर नाही लागला तरी हाय खाऊ नका. न भरलेली आणि रद्द झालेली तिकिटं नंतर 'आधी येईल त्याला' या पद्धतीने त्याच पानावर परत विक्रीला येतात. दिवसातून दोन-तीनदा डोकावत राहा.

दर मोठ्यांना ३,३०० येन, १२ ते १७ वर्षांना २,२००, ६ ते ११ वर्षांना १,१००. धाकटी फुकट. मुलाला मध्येच बारावं लागणार असेल तर वय सहलीच्या तारखेचं धरा. युनिव्हर्सललाही ११ पर्यंतच बालदर आहे, तिथे मुलांचं तिकीट ४ वर्षांपासून लागतं.

चिंचवडची_शिदोरी
धन्यवाद दादा, विमान थांबवलं. म्हणजे संग्रहालयाचा दिवस मिळाला की त्याच्या आजूबाजूला बाकीचं बसवायचं. युनिव्हर्सलला एक दिवस पुरेल का? रांग टाळायचा एक्स्प्रेस पास घ्यावा का? त्याची किंमत तिकिटापेक्षाही जास्त दिसतेय.

कासवकवच
एक दिवस पुरतो, पण तो आठवड्याच्या मधला हवा. तुमची वेळ चांगली आहे. ऑक्टोबरभर तिथे हॅलोविनची तुफान गर्दी असते, ती तोवर ओसरलेली असते. ३ आणि २३ नोव्हेंबरला जपानात सुट्टी असते, त्यांना लागून येणारे शनिवार-रविवार टाळा.

एक्स्प्रेस पासचा एक पेच कुटुंबांच्या लक्षात येत नाही. मारिओ कार्टला एकट्याने बसायला उंची १२२ सेंमी लागते, मोठ्या माणसाबरोबर १०७. डाँकी काँगच्या खाणगाडीलाही तेच. योशीच्या राइडला मोठ्यांबरोबर ९२ चालतात. म्हणजे १०४ सेंमीच्या मुलीला फक्त योशी. या वयात मुलं वर्षाला साधारण ६ सेंमी वाढतात, नोव्हेंबरपर्यंत ती १०६ च्या घरात असेल. तिला कार्ट मिळणार नाही असं धरूनच आखा आणि तिला घरीच नीट समजावून सांगा. दारात पट्टी असते, कर्मचारी मोजतात आणि सूट देत नाहीत.

आता पेच असा: पासमध्ये मारिओच्या विभागात शिरायची हमी असते, पण ती ज्याच्या नावावर पास त्यालाच. पासला बालदरही नाही. तिच्यासाठी घेतलात तर कार्टचे पैसे वाया, न घेतलात तर विभाग भरल्यावर तुम्ही आत आणि ती बाहेर. म्हणून तुमच्यासाठी माझं मत स्पष्ट आहे: पास नको, सकाळ गाठा.

दारं जाहीर वेळेच्या अर्धा-एक तास आधी उघडतात, तेव्हा जाहीर वेळेच्या दीड तास आधी रांगेत असा. आत शिरल्यावर थेट मारिओकडे चालत सुटा. सकाळी पहिल्या टप्प्यात बहुतेक वेळा चिठ्ठीशिवाय सोडतात. विभाग भरला की पार्कच्या ॲपवरून वेळेची चिठ्ठी काढावी लागते आणि ती पार्कात पाऊल टाकल्यावरच निघते. सगळी तिकिटं आदल्या रात्री एकाच फोनमध्ये नोंदवून ठेवा, म्हणजे सगळ्यांना एकच वेळ मिळेल. विभागातून बाहेर पडलात की परत शिरायला नवी चिठ्ठी. त्यामुळे स्वच्छतागृह, खाणं, दुकान सगळं आतच उरका.

आत गेल्यावर आधी कार्ट. एका पालकाने मुलाला घेऊन जायचं, दुसऱ्याने मुलीपाशी थांबायचं, मग अदलाबदल. 'चाइल्ड स्विच' असं प्रवेशापाशी सांगा, दुसऱ्याला पुन्हा पूर्ण रांग लावावी लागत नाही. कार्टमध्ये चार जण बसतात. डोक्यावर पट्टा आणि त्याला चष्म्यासारखी काच लागते. पट्टा कपाळावर घट्ट नसेल तर चित्र धूसर दिसतं आणि मुलं गाडी सुटल्यावर रडकुंडीला येतात. नेम डोकं वळवून धरायचा, खेळातलं कासवाचं कवच स्टिअरिंगवरच्या बटणाने फेकायचं. बाण दिसेल त्या दिशेला चाक वळवलं की नाणी मिळतात. मुलं नुसती बटणं दाबत सुटतात, त्यांना हे आधी सांगा.

मनगटाचा पॉवर-अप बँड राइडसाठी लागत नाही. पण ठोकळ्यांवर ठोसे मारून नाणी आणि किल्ल्या जमवायच्या असतील तर हवाच. प्रत्येकाचा वेगळा लागतो, दोन्ही मुलांना घ्या, मोठ्यांना नको. पाचपैकी तीन खेळ जिंकून तीन किल्ल्या मिळाल्या की खलनायक बाउझर ज्युनिअरशी लढायला मिळतं. ठोसा बँड असलेल्या हातानेच बसला पाहिजे, दुसऱ्या हाताने मारला की आवाज येत नाही आणि मुलांना वाटतं बँड बिघडला. मुलीला कार्ट नाही मिळालं तरी या खेळांत तिचा दिवस मजेत जाईल.

निशिकासाईकर
@कासवकवच यांना जोडून. पार्काच्या मूळ संकेतस्थळावर भारतीय कार्ड बऱ्याचदा अडतं, अधिकृत विक्रेत्याकडून (क्लूक वगैरे) घ्या. दर दिवसागणिक बदलतो, मोठ्यांना ८,६०० येनपासून सुरू होऊन गर्दीच्या दिवशी दहा हजारांच्या वर जातो. एकदा बाहेर पडलात की त्या तिकिटावर परत आत घेत नाहीत. आजी-आजोबांना त्या दिवशी नेऊच नका, असं मला वाटतं. ओसाकाको स्टेशनजवळचं काइयुकान मत्स्यालय त्यांना आवडेल, तिथे उतरत्या वाटेने सावकाश बघत जाता येतं.

उजीला मात्र त्यांना जरूर न्या. १८८९ मध्ये क्योटोत हानाफुदा (जपानी) पत्ते बनवणाऱ्या निन्टेन्डो कंपनीने पुढे काय काय केलं, हे १९६९ च्या जुन्या कारखान्यात मांडलंय. वरच्या मजल्यावर फोटोला बंदी आहे. प्रत्येकाला प्रवेशपत्रावर १० नाणी मिळतात, जास्तीची विकत मिळत नाहीत आणि दहात सगळे खेळ होत नाहीत. बंदुकीचा मोठा खेळ एकटाच ४ नाणी खातो, अल्ट्रा मशीनची फलंदाजी २. मुलाला आधी सगळं फिरून बघायला लावा, मग खर्च करू दे. आजी-आजोबांची नाणी त्यांच्याच पत्रावर असतात, तेव्हा त्यांनाही खेळायला बसवा. पत्ते बनवायची कार्यशाळा वेगळे पैसे देऊन, नोंद त्याच दिवशी.

जायला क्योटोहून जेआर (जपान रेल्वे) नारा मार्गाची धीमी गाडी पकडा. तीच इनारीला थांबते, मग उजी, मग जेआर ओगुरा. तिथून संग्रहालय ८ मिनिटं चालत. मियाकोजी जलद गाडी इनारी आणि ओगुरा दोन्ही सोडते, घाईत चढू नका. सकाळी इनारीला फुशिमी इनारी देवळाच्या लाल कमानी आणि दुपारची संग्रहालयाची वेळ, असा दिवस छान बसतो. निन्टेन्डोच्या 'स्टार फॉक्स' खेळातल्या कमानींमागची प्रेरणा याच, मुलाला तिथे उभं करून सांगा.

मुक्काम आठही दिवस ओसाकात उमेदाजवळ ठेवा. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात पानं रंगतात आणि क्योटोतली हॉटेलं फार महाग होतात. ओसाका-क्योटो जलद गाडी अर्ध्या तासाची, आरक्षण नको. जेआर पास घेऊ नका, एवढ्या प्रवासात वसूल होत नाही.

मेतकूट_भात
जेवणाबद्दल. पार्कातल्या किनोपिओच्या कॅफेत मशरूमचं चित्र असलेल्या पदार्थातही मांस असू शकतं, आणि जपानी सूप, सॉस, रस्सा यांत माशाचा 'दाशी' (अर्क) असतोच असं धरा. नुसतं 'मांस नको' म्हटलं तर दाशी राहून जातो, 'मासा नको, दाशी नको' हेही फोनवर जपानीत लिहून दाखवा. बाहेरचं खाणं पार्कात चालत नाही, पाण्याची बाटली चालते. म्हणून सकाळी हॉटेलवरच पोटभर खा: गरम पाणी टाकून होणारे उपमा-पोह्यांचे पुडे, मेतकूट, दशम्या. ताजी फळं-भाज्या भारतातून नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात. रात्री उमेदा किंवा नांबाला भारतीय उपाहारगृहं भरपूर आहेत.

चिंचवडची_शिदोरी
सगळं वहीत उतरवलं. पोकेमॉनसाठी वेगळा दिवस लागेल का?

कासवकवच
नाही, एक संध्याकाळ. उमेदाच्या दायमारू या मोठ्या दुकानसंकुलात १३ व्या मजल्यावर निन्टेन्डो ओसाका आणि पोकेमॉन सेंटर ही दुकानं शेजारीशेजारी आहेत. शिनसाइबाशीच्या दायमारूत ९ व्या मजल्यावर पोकेमॉन कॅफे आहे. त्याचं आरक्षण ३१ दिवस आधी जपानी वेळेनुसार संध्याकाळी ६ ला उघडतं, म्हणजे आपल्याकडे दुपारी अडीच. तुम्ही शाकाहारी असल्याने तिथे गोड पदार्थ आणि पेयांवरच भागवावं लागेल, त्यातही जिलेटिन विचारून घ्या. कॅफे नाही मिळाला तर हट्ट धरू नका, मुलांना दुकानच जास्त आवडतं.

खरेदीला पासपोर्ट जवळ ठेवा. १ नोव्हेंबर २०२६ पासून करमाफीची पद्धत बदलते: दुकानात कर भरायचा आणि निघताना विमानतळावर परत मिळवायचा. परतीच्या दिवशी त्यासाठी वेळ राखून ठेवा, आणि खरेदीचं सामान चेक-इन बॅगेत टाकण्याआधी ते काम उरका.

निशिकासाईकर
ई-व्हिसाचं राहिलं. विमानतळावर तो इंटरनेट चालू असलेल्या फोनवर, संकेतस्थळ उघडून दाखवावा लागतो. स्क्रीनशॉट किंवा छापील प्रत चालत नाही. मुंबईत चेक-इनलाच विचारतात. सहाही जणांचे दाखले एका फोनवर आणि दुसऱ्या फोनवरही उघडतात का, ते आदल्या दिवशी बघून ठेवा.