प्लान्ट स्टेरॉलवालं दूध-दही घेऊन कोलेस्टेरॉल खरंच कमी होतं का?

सायली_के: बाबांचं वय 58, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) 162 आलंय, डॉक्टरांनी स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) सुरू करा म्हणून सांगितलंय पण बाबा गोळीचं नाव काढलं की विषयच बदलतात. आता त्यांना कुठूनतरी कळलंय की प्लान्ट स्टेरॉल (वनस्पतींमधला कोलेस्टेरॉलसारखा पदार्थ) घातलेलं दही आणि दूध मिळतं, तेच घेऊ म्हणतात, गोळी नको. हे नक्की काम करतं का, किती घ्यायचं, आणि याच्या भरवशावर गोळी टाळली तर चालेल का? शिवाय आम्ही शाकाहारी, जेवणात कोलेस्टेरॉल असं फारसं नसतंच, मग हे कमी करणार तरी काय?

पानगळ: काम करतं, पण मर्यादेत. रोज 1.5 ते 3 ग्रॅम स्टेरॉल पोटात गेलं तर एलडीएल साधारण 7 ते 12 टक्के उतरतं, आणि दोन-तीन आठवड्यांत फरक दिसायला लागतो. म्हणजे तुमच्या बाबांचं 162 आहे तर फार फार तर 145 च्या आसपास येईल. डॉक्टरांना त्याहून बरंच खाली आणायचं असेल तर नुसत्या दह्यावर भागणार नाही. 3 ग्रॅमच्या वर घेतलं तरी फारसा जास्त फायदा होत नाही, त्यामुळे डबल प्यायचं वगैरे करू नका.

शाकाहारी असण्याचा प्रश्न चांगला विचारलात. आतड्यात येणारं कोलेस्टेरॉल फक्त ताटातून येत नाही, बरंचसं पित्तातून येतं, म्हणजे आपलंच लिव्हर ते सोडतं आणि आतडं त्यातलं पुष्कळसं परत शोषून घेतं. स्टेरॉल दिसायला कोलेस्टेरॉलसारखंच, त्यामुळे आतड्यात चरबी वाहून नेणारे जे बारीक गोळे असतात त्यात ते आधी जागा धरतं आणि कोलेस्टेरॉल बाहेर राहून शौचावाटे निघून जातं. स्टेरॉल स्वतः मात्र रक्तात जेमतेमच जातं. रोजच्या साध्या जेवणातून, तेल, डाळी, दाणे वगैरेतून, आपल्याला अर्धा ग्रॅमसुद्धा मिळत नाही म्हणून तर ते वरून घालावं लागतं.

मंदार७१: माझा अनुभव सांगतो. मी स्टेरॉलवाल्या पेयाची छोटी बाटली आणायचो आणि सकाळी उठल्याउठल्या रिकाम्या पोटी प्यायचो, तीन महिने केलं, रिपोर्ट जवळपास तसाच. आहारतज्ज्ञ बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, जेवणाबरोबर घेता का? कारण पित्त सुटतं ते जेवल्यावर, तेव्हाच स्टेरॉलला काम असतं. मग दुपारच्या मोठ्या जेवणासोबत घ्यायला लागलो आणि पुढच्या वेळी एलडीएल 151 वरून 138 वर आलं. बाकी काहीच बदललं नव्हतं.

आणि लेबल नीट वाचा हो, प्लीज. मी आधी दूध आणलं होतं, त्यावर मोठ्या अक्षरात स्टेरॉल लिहिलेलं पण मागे बारीक अक्षरात 100 मिलीला 0.3 ग्रॅम, म्हणजे 2 ग्रॅमसाठी साडेसहाशे मिलीच्या वर दूध प्यावं लागलं असतं, एवढं कोण पितं! बाटलीत मात्र एका वेळेत 2 ग्रॅम होतं. आणि बंद केलं की आकडा परत वर जातो, ते रोजच लागतं.

सायली_के: धन्यवाद दोघांनाही. मग गोळी आणि हे एकत्र चालतं का? आणि घरात वहिनी अंगावर पाजतेय, फ्रिजमधलं चुकून तिनं प्यायलं तर?

पानगळ: चालतं, उलट दोघांची वाट वेगळी, स्टॅटिन लिव्हरमधलं उत्पादन कमी करतं आणि हे शोषण अडवतं, त्यामुळे स्टॅटिनवर असलेल्यालाही यातून जास्तीची घट मिळते. पण हार्ट अटॅक कमी होतात हे स्टॅटिनबाबत मोठ्या ट्रायल्समध्ये दिसलंय, स्टेरॉलबाबत तशी ट्रायलच नाही, फक्त एलडीएल उतरल्याचं दिसलंय. बाबांना हा फरक नक्की सांगा, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. वहिनींनी एकदा चुकून प्यायलं तर घाबरू नका, पण गरोदर, अंगावर पाजणाऱ्या बायका आणि पाच वर्षांखालची मुलं यांनी ते रोज घेऊ नये. सिटोस्टेरोलेमिया नावाचा दुर्मिळ आनुवंशिक आजार असेल तर अजिबात नाही. आणि बीटा कॅरोटीन थोडं कमी होतं, म्हणून बाबांच्या ताटात गाजर, लाल भोपळा, पालेभाज्या असू द्या.

सायली_के: बाबांना मंदारदादांचा रिकाम्या पोटीचा किस्सा वाचून दाखवला, शांतपणे ऐकलं. सोमवारी डॉक्टरांकडे जाऊन बाटली जेवणाबरोबर आणि गोळी किती डोसची, दोन्ही विचारून येतो.