पणजोबा जुन्या पेपरात सापडतील का? ऑनलाइन कुठे आणि कसं शोधायचं?

नौपाडेकर:
नमस्कार मंडळी. घरात वंशावळीचं काम निघालंय, म्हणजे आत्याने ते माझ्या गळ्यात मारलंय. पणजोबा ठाण्याला कलेक्टर कचेरीत कारकून होते आणि तापाच्या साथीत गेले, एवढंच सगळे सांगतात, साल कोणालाच माहीत नाही. आत्याला श्राद्धाची तिथी तेवढी पाठ आहे, आश्विन शुद्ध द्वादशी. आणि पणजोबा गेले तेव्हा आजोबा रांगत होते म्हणे, शाळेच्या दाखल्यावर आजोबांचा जन्म 1917 चा आहे. आता त्या वेळच्या पेपरात काही छापून आलं असेल तर हवंय. मेलबर्नच्या मावसभावाने ट्रोव्ह दाखवलं, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची जुन्या पेपरांची वेबसाइट, तिथे त्याच्या बायकोच्या खापरपणजोबांची घोडागाडी उलटल्याची बातमीसुद्धा आहे, तीही फुकट! आपल्याकडे असं काही आहे का? मी आडनाव टाकून टाकून दमलो, काही म्हणजे काही येत नाही.

कळवा_खाडी:
अहो साल तुम्हीच सांगितलंत की. 1917 चं बाळ रांगतंय आणि तापाची साथ, म्हणजे 1918 चा इन्फ्लुएन्झा. जूनमध्ये पहिली लाट आली ती त्या मानाने सौम्य होती, खरा कहर सप्टेंबर-ऑक्टोबरात झाला. आणि तिथी पण जुळते बघा, शिर्डीच्या साईबाबांनी समाधी घेतली ती 1918 च्या दसऱ्याला, 15 ऑक्टोबरला, म्हणजे द्वादशी 17 च्या आगेमागे. शके 1840. जुन्या वर्षांची पंचांगं नेटवर मिळतात, एकदा ताडून घ्या.

नौपाडेकर:
आईशप्पथ. आत्याला आत्ता फोन करतो.

वाशीची_मीनल:
मी एमएच्या प्रोजेक्टसाठी टाइम्स ऑफ इंडियाचं जुनं आर्काइव्ह बरंच वापरलंय (प्रोक्वेस्ट नावाच्या ऑनलाइन डेटाबेसवर 1838 पासूनचं आहे, पण घरबसल्या फुकट नाही, युनिव्हर्सिटी किंवा मोठ्या लायब्ररीच्या लॉगिनमधून बघावं लागतं). तर पहिली गोष्ट, आडनाव सोडून द्या. त्या काळच्या इंग्रजी बातम्यांत आपली माणसं बऱ्याचदा स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव एवढंच लावून येतात, नुसतं 'गणेश सदाशिव', पुढे काही नाही, त्यामुळे आडनावाने शोधलं की शून्य. दुसरं स्पेलिंग. व ला कधी व्ही कधी डब्ल्यू, राव चं आर-ओ-डब्ल्यू, जी च्या शेवटी डबल ई, आणि जितकं मागे जाल तितकं जास्त विचित्र. ठाण्याचं 1918 ला टी-एच-ए-एन-ए, त्याच्या खूप आधीच्या पेपरात टी-ए-डबल एन-ए पण दिसतं. आणि थाना टाकलं की अख्ख्या हिंदुस्थानातली पोलीस ठाणी समोर येतात, डोकं फिरतं!! म्हणून थाना सोबत कलेक्टर, ट्रेझरी, मामलतदार असा एखादा शब्द जोडायचा आणि तारखेची चौकट लावायची, ऑक्टोबर 1918 एवढीच.
पण खरं सांगू का, कारकुनाच्या मृत्यूची बातमी इंग्रजी पेपरात यायची शक्यता फार कमी. अशी माणसं सापडली तर कोर्टाच्या बातमीत, फंडाला पैसे दिलेल्यांच्या यादीत, अर्जावर सह्या करणाऱ्यांत, अशी आडवाटेने सापडतात. पणजोबा पदवीधर असतील तर मुंबई विद्यापीठाची जुनी कॅलेंडरं इंटरनेट आर्काइव्हवर बघा, त्यात ग्रॅज्युएट लोकांची नावं असतात.

जुना_ठाणेकर:
मराठी पेपरांचं दुखणं वेगळं आहे. स्कॅन असतो पण सर्च चालेलच असं नाही, कारण जुना शिशाचा टाइप झिजलेला, जोडाक्षरं तुटलेली, मशीन 'द्ध' चं काहीही वाचतं. ट्रोव्हवर वाचकच चुकलेला मजकूर दुरुस्त करतात म्हणून तिथे सापडतं, आपल्याकडे ते काम कोण करणार? त्यातून 1962 च्या आधीचं शुद्धलेखन म्हणजे अनुस्वारांचा पाऊस. तुम्ही 'ठाणे' टाकणार आणि छापलेलं असणार 'ठाणें', 'नाव' नाही तर 'नांव'. दोन्ही टाकून बघा आणि तरी नाही मिळालं तर सरळ पानं उलटा, तारीख आता हातात आहे, आठवड्याचे अंक बघायला किती वेळ लागतो. पुण्याचा ज्ञानप्रकाश तेव्हा दैनिक होता, केसरी साप्ताहिक. ठाण्याचं स्वतःचं अरुणोदय 1866 ला निघालं, हेही आपल्या मुलांना माहीत नसतं, असो. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचं ग्रंथ संजीवनी, म्हणजे त्यांचं ऑनलाइन ग्रंथालय, चाळा, आणि एक दिवस स्टेशनजवळच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात जाऊन बसा. 1893 ची संस्था आहे, दुर्मिळ पुस्तकं त्यांनी स्कॅन केलीत, कपाटात काय आहे ते तिथल्या माणसाला विचारल्याशिवाय कळत नाही. गुगल म्हणजे सगळं नव्हे.

पनवेल_लोकल:
मला कळत नाही सगळे पेपरच का शोधतायत. मृत्यूची नोंद ही मृत्यूच्या नोंदीत असते ना राव. शहरात गेले असतील तर नगरपालिकेचं रजिस्टर, ठाण्याची नगरपालिका 1863 ची आहे. साथीत लोक गावी पळाले आणि तिकडे गेले असतील तर गावचं कोतवाल बुक, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदींची वही, गाव नमुना 14, तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये अर्ज करायचा. 2023 ला कुणबी नोंदींसाठी सगळीकडे जुनी दप्तरं बाहेर काढली, बरीच पानं जिल्ह्यांच्या वेबसाइटवर स्कॅन करून टाकलीत, फुकटात बघायला मिळतात. आणि नाशिक-त्र्यंबकला तुमचे उपाध्ये कोण ते घरात विचारा, त्यांच्या वह्यांत पाच-सात पिढ्या सहज निघतात. पेपरात काय, साथीत इतके गेले होते की मोठ्या लोकांचीच नावं यायची.

वाशीची_मीनल:
@पनवेल_लोकल बरोबर आहे, पण पेपरात त्या आठवड्यात ठाण्यात काय चाललं होतं ते कळतं, शाळा बंद होत्या का, औषधं कुठे वाटत होते. रजिस्टरात फक्त एक ओळ असते.

नौपाडेकर:
आत्या म्हणते पणजोबांना कचेरीतून गावी नेलं होतं, भिवंडीच्या पुढे. हे आजवर कोणाला सांगितलंच नव्हतं तिने! म्हणजे आधी भिवंडी तहसील. पण ती कोतवाल बुकं मोडीत असतील ना? मला मोडीतलं म सुद्धा येत नाही.

पनवेल_लोकल:
काही मोडी काही देवनागरी, गावागावावर आहे. पानाचा साधा फोटो काढा, सावली न पाडता, आणि इथेच वेगळा धागा काढून टाका. वाचणारे दोघं-तिघं आहेत इथे.

जुना_ठाणेकर:
टाका, मी वाचतो. फक्त शिक्का आणि वरची तारखेची ओळ कापू नका, लोक नेमकी तीच कापतात.