फळीवरचा भाव आणि बिलातला भाव

सुपरमार्केटमधल्या रांगेबद्दल सगळेच तक्रार करतात. माझं डोकं फिरतं ते बिल हातात आल्यावर. फळीवर लावलेला भाव एक, बिलात भलताच! विचारलं तर "ऑफर कालच संपली." अहो, मग ती चिठ्ठी काढायची कोणी? बारकोड स्कॅन केला की भाव येतो कॉम्प्युटरमधून. तिथे तो एका झटक्यात बदलतो, फळीवरची कागदी चिठ्ठी मात्र कुणाला तरी हाताने बदलावी लागते. म्हणून मी चिठ्ठीचा फोटो काढून ठेवते आणि स्कॅन होताना स्क्रीनवरून नजर हलवत नाही. मागचे लोक चुळबुळतात, चुळबुळू देत. काउंटरवरच्या पोरीवर मात्र ओरडू नका, भाव ती ठरवत नाही. आणि हो, नेहमीच्या वस्तूंच्या जागा सारख्या बदलणाऱ्या माणसाला एकदा भेटायचंय मला!