मदत हवी आहे: जुनी विंचेस्टर ९४ रायफल सुरक्षित रिकामी कशी करावी?

मंडळी, मी अमेरिकेतल्या मोंटानात राहतो. सासऱ्यांची विंचेस्टर ९४ (३०-३० काडतुसाची, १९६४ च्या आधीची) आता माझ्याकडे आहे. तिला सेफ्टी बटण नाही, हॅमरला (घोड्याला) हाफ-कॉकची, म्हणजे तो अर्धवट मागे अडकवून ठेवायची, खाच तेवढी आहे.

गोळी झाडताना अडचण नाही, रायफल रिकामी करताना आहे. नळीखालच्या मॅगझिनमधलं प्रत्येक काडतूस ट्रिगरखालची लिव्हर मारून काढायचं, म्हणजे ते चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला, जिथून गोळी सुटते तिथे) जाणार आणि हॅमर मागे उभाच! नळी मातीच्या बांधाकडे, बोट ट्रिगरपासून लांब, काडतुसं मोजून, शेवटी चेंबरमध्ये करंगळी घालून तपासणं, हे सगळं करतोच. लिव्हर दस्त्याला घट्ट दाबल्याशिवाय ट्रिगर सुटत नाही, म्हणून ती अर्धवट मिटून काडतूस काढायचा प्रयत्न केला. दोनदा तिरकं अडकलं. डमी काडतुसं होती म्हणून बरं.

गनस्मिथ (बंदुका दुरुस्त करणारा) ९० मैलांवर आहे. रायफल विकायची नाही, तेव्हा ‘नवी घ्या’ नको. हातमोज्यांतून हॅमर सटकू नये म्हणून त्याला जोडायचा आडवा खुंट मागवलाय.

ज्यांनी ही वापरली आहे त्यांनी सांगा: लिव्हर नेमकी कुठपर्यंत मिटायची, आणि एक्स्ट्रॅक्टरने (काडतूस बाहेर ओढणाऱ्या आकड्याने) काडतुसाची कड पकडली हे हाताला कसं कळतं?